सुलोचनाबाईचा बंब

निर्मलाबाईनं बंबाच्या नळीत गोवरीचे तुकडे टाकले, वरून कोळसे ओतले आणि काडी लावली. पाणी मात्र ओतलं नाही.

न्हाणीच्या दाराशी ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. आधी धूर कोंडला, मग जाळ धरला. तांबं तापू लागलं तसं बंबाच्या पोटावरचं नाव जास्तच उठून दिसू लागलं. सौ. सुलोचना यादोराव.

सुलोचना म्हणजे यादोरावांची पहिली बायको. ती गेल्यावर तिची लुगडी वाटून झाली, दागिने पोरीसाठी बांधून ठेवले गेले, फोटो भिंतीवर उंच चढला. तिच्या माहेरचा हा बंब तेवढा राहिला. निर्मलाबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून तो घासत होती. बाकीच्या अंगाला चिंच आणि राख. नावावर मात्र विटेची पूड, तीही दातओठ खाऊन. नाव काही झिजलं नाही. उलट लखलखत राहिलं.

बंब मेला तो कधीच. खालून गळे, तोटीतून गळे, अर्धे कोळसे पाण्यानंच विझत. दरवर्षी यादोराव तो एसटीच्या टपावर चढवून भंडाऱ्याला नेत आणि गळक्या जागी कथलाचा डाग देऊन आणत. यंदा डाग देणाऱ्यानंच हात टेकले होते. "मालक, तांबं कागदावानी झालं. आता नवाच घ्या."

"यंदा लावून दे बाप्पा. पुढं पाहू," यादोराव म्हणाले होते.

निर्मलाबाई तेव्हा शेजारीच उभी होती. तिचा गुडघा दोन पावसाळे ठणकत होता, त्याच भंडाऱ्यात डॉक्टर होता. त्याच्याकडे तिला न्यायला यादोरावांना सवड झाली नव्हती.

तेही तिनं गिळलं असतं. पण सुलोचनेची लेक शोभा काल दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी जवाहरनगरहून माहेरी आली, आणि जेवताना यादोराव लेकीला म्हणाले, "तुह्या मायचा बंब अजून चालू ठेवला बरं म्या." ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज निर्मलाबाईनं या घरात कधी ऐकला नव्हता. तिच्यासाठी तर नाहीच.

आता बंबाच्या आत काहीतरी तडतडलं. बुडाचा डाग पाघळला आणि चकचकीत थेंब फरशीवर पडले. मग तोटी निखळून खणकन खाली आली. बंब एका अंगाला कलला, निखारे न्हाणीभर झाले.

यादोराव खांद्यावर टॉवेल टाकून धावत आले. पाहतच राहिले.

"पाणी नोतं टाकलं?"

"विसरली."

यादोरावांनी तिच्याकडे पाहिलं. भाजीत मीठ विसरायची बाई नव्हती ती. निर्मलाबाईनं मान खाली घातली नाही. बोला आता, तिच्या मनात आलं, एकदा बोलाच.

तेवढ्यात शोभा आली. केस मोकळे, हातात शिकेकाईची वाटी. तिनं कललेला बंब पाहिला, पडलेली तोटी पाहिली. नवऱ्याला तोंड द्यायची तयारी निर्मलाबाईनं केली होती; पोरीची केली नव्हती.

"बरं झालं," शोभा म्हणाली.

"काय बोलून राहिली तू?" यादोराव म्हणाले. "तुह्या मायचा..."

"मायचाच. माय गेली त्या दिवशी तिच्या आंघोळीचं पाणी यातच तापवलं होतं. तिले उचलाच्या आधीचं. मी इथं दारात उभी होती, बाबा. मले कोणी बाजूले नेलं नाही." तिनं वाटी खाली ठेवली. "त्याच्यानंतर या बंबाचं पाणी म्या अंगावर घेतलं नाही. थंडीतही विहिरीवर जाऊन न्हाऊन येत होती."

निर्मलाबाईला ती विहिरीवरची आंघोळ आठवली. सावत्र आईच्या हातचं पाणीही पोरीला चालत नाही, असं तिनं सगळ्या आळीला सांगितलं होतं.

"मंग बोलली काहून नाही?" यादोरावांनी विचारलं. "म्या तं तुह्यासाठीच..."

"तुम्ही दरवर्षी डाग देऊन आणत होते. काय बोलू?"

मग निर्मलाबाईनंच चिमट्यानं निखारे गोळा केले आणि घमेल्यात भरून चुलीत नेऊन टाकले. मोठा गंज पाण्यानं काठोकाठ भरून चुलीवर चढवला. पाणी कढत झाल्यावर तिनं शोभाला हाक मारली.

"ये. डोकं न्हाऊ घालतो तुह्यं."

शोभा मागच्या अंगणात पाटावर बसली. निर्मलाबाईनं गार पाण्याचं विसण घातलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि पोरीच्या केसांत पहिल्यांदाच बोटं घातली. शिकेकाईचा फेस मानेवरून ओघळला. पोरीचे खांदे गोवरीच्या जाळाजवळ बसल्यासारखे सैल झाले.

न्हाणीचं दार समोर उघडंच होतं. आत यादोराव कललेल्या बंबाजवळ उकिडवे बसले होते. तांबं निवलं की नाही हे पाहावं तसा त्यांनी त्यावर तळहात टेकवला. निवलं होतं. तरी हात त्यांनी उचलला नाही.

"मावशी," शोभा डोळे गच्च मिटून म्हणाली, "टाक ना पाणी. झोंबून राहिलं."

न्हाणीकडे पाहत राहिलेल्या निर्मलाबाईच्या हातात पाण्यानं भरलेला गडवा तसाच होता.