साडेसहाशेचं चाक

आईने हँडल डावीकडे वळवलं आणि तिच्या बुटाचं टोक पुन्हा पुढच्या चाकाला अडलं.

"बघितलंस?" लेक म्हणाली. "ही बाबांच्या मापाची सायकल आहे. घरी नेऊ, होती तशी भिंतीला टांगू."

आई उतरली नाही. साठी उलटलेली बाई, एका हाताने सायकलच्या दुकानातलं बाक धरून तशीच बसून राहिली. खडीच्या रस्त्यांसाठी नवऱ्याने हयात असताना हौसेने घेतलेल्या त्या सायकलवर तिने आजवर फक्त ओले टॉवेल वाळत घातले होते.

मेकॅनिक चाकाशी उकिडवा बसला. या सायकलचं सगळं काम त्याच्याच हातचं. "वहिनी, चाकं हीच ठेवू. टायर तेवढे बारीक घालू, बत्तीस मिलिमीटरचे. घेर कमी होईल, बूट सुटेल."

"आणि खडीवर माझी हाडं कोण गोळा करणार?" आई म्हणाली. "चाकंच लहान घाला, सातशेच्या जागी साडेसहाशेची. वर सत्तेचाळीसचे टायर. घेरही कमी होतो आणि टायरही गुबगुबीत राहतो. डिस्कब्रेक आहेत, ते रिमला धरतच नाहीत, त्यांना रिमच्या मापाशी काय करायचंय?"

मेकॅनिकने मान वर केली. लेकीनेही.

"एवढा जाड टायर चाकाच्या चिमट्यात मावेल?" त्याने विचारलं. आता तो खरोखरच विचारत होता.

"टायर आणि चिमट्याच्या मधे सहा मिलिमीटरची किल्ली घालून बघा. दोन्ही बाजूंनी सुटी गेली, तर चिखलालाही वाट मिळते."

"तुला गं कसं माहीत?" लेकीने विचारलं.

"तीस वर्षं यांच्यासमोर बसून जेवले. दुसरं काय ऐकलं?"

"तू तर 'जेवा आता' म्हणून त्यांना गप्प करायचीस."

"गप्प करायला आधी ऐकावं लागतं."

जुनी चाकं निघाली. लेकीने ती आपल्या गुडघ्यांना टेकवून उभी धरली. एका टायरच्या खाचेत बारीक खडा अडकला होता. तिने नख लावलं, मग तसाच राहू दिला.

नवी चाकं बसली. किल्ली दोन्ही बाजूंनी सुटी गेली. मेकॅनिकने हवा भरली. आईने बसून हँडल वळवलं, आणि चाक बुटाला न लागता समोरून निघून गेलं. ती उतरली आणि तिने टायरवर अंगठा दाबला.

"हवा किती भरलीत?"

"नेहमीचीच, वहिनी. दादांना लागायची तेवढी."

"ही यांच्या वजनाची झाली," आई म्हणाली. "माझ्या वजनाची करा."

मेकॅनिक पुढे वाकला, पण तोवर लेकीने जुनी चाकं भिंतीला टेकवली होती. ती खाली बसली आणि व्हॉल्व्हचं टोक बोटाने दाबलं. हवा सुटू लागली.

आईचा अंगठा टायरवरच होता.

"अजून थोडी," ती म्हणाली.