अकरा किलो

डाव्या कुशीवर वळून तेजस्वीने श्वास रोखला. डॉक्टर साळवींनी गार जेल लावलेला प्रोब बरगडीखाली दाबला आणि पडद्यावर तिचं हृदय हलायला लागलं. देवरूखहून रत्नागिरीला ती याच तपासणीसाठी सहाव्यांदा आली होती.

बाळंतपणानंतर महिन्याभरात तिचं हृदय थकलं होतं. आत भरलेल्या रक्तातलं निम्म्याहून जास्त दर ठोक्याला पुढे जायला हवं. तिचं शंभरातलं बावीसच जात होतं. अंगावरचं दूध बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या, जड काही उचलायचं नाही असं ठरलं. मुलगी ज्ञानू सासूच्या, सावित्रीबाईंच्या कडेवर वाढली. घरातले सगळे तेजस्वीला तेजू म्हणतात म्हणून तीही तेजूच म्हणायची. आई म्हणायची सावित्रीबाईंना.

डॉक्टरांनी पडद्यावर डाव्या कप्प्याची कड आखली. आधी तो भरलेला असताना, मग आवळलेला असताना. यंत्राने हिशेब केला.

"अठ्ठेचाळीस. छान आहे."

तेजस्वीला उरलेल्या बावन्नची काळजी वाटली. डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण रिकामं कुणाचंच होत नाही, चांगल्या हृदयातही पस्तीस-चाळीस मागे राहतंच. पूर्वी तिचे ठोके इतके घाईने पडायचे की हृदयाला भरायलाच वेळ मिळत नसे. गोळीने तो वेळ दिला. आता ठोके कमी पडतात, पण भरून पडतात. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत आणि दुसऱ्या मुलाचा विचारही करायचा नाही.

दुसऱ्या मुलाचं तिने विचारलंच नव्हतं. जेल पुसता पुसता तिने विचारलं, "अकरा किलो उचललं तर चालेल?"

"कशाला? पाण्याचा हंडा?"

"नाही. मुलगी. परवा अंगणवाडीच्या काट्यावर अकरा भरली."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. थोडा वेळ घ्यायला हरकत नाही, म्हणाल्या, फक्त दम लागला की खाली ठेवायची.

बाहेर बाकावर सावित्रीबाई ज्ञानूला बिस्किट भरवत होत्या. तेजस्वीने आकडा सांगितला. त्यांना तो वाढलाय एवढंच कळलं, आणि तेवढ्यानेही त्यांनी डोळ्यांना पदर लावला. उचलण्याचं तेजस्वी बोलली नाही. रिक्षातही नाही. ज्ञानू सासूच्या मांडीवर होती आणि तिची चप्पल तेजस्वीच्या गुडघ्याला घासत होती.

स्टँडवर देवरूखची गाडी लागली. पायरी उंच, म्हणून ज्ञानूने नेहमीसारखे सावित्रीबाईंकडे दोन्ही हात वर केले. सावित्रीबाई वाकल्या.

"आई," तेजस्वी म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, मी उचलली तर चालेल."

सावित्रीबाईंचे हात पोरीच्या काखेपर्यंत पोचले होते. ते तिथेच थांबले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि एक कमरेवर ठेवला. याच कमरेवर पोरीला घेऊन त्या कालच नदीवरून घराची चढण चढल्या होत्या.

"माजी कंबर धरलीय आज. तूच घे तिला."

दोन्ही पिशव्या उचलून त्या गाडीत चढल्या. मागे वळून बघितलं नाही.

तेजस्वीने ज्ञानूला उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती, आणि केसांना सासूच्या तेलाचा वास होता. पोरगी रडली नाही. मान वळवून ती गाडीच्या दाराकडे बघत राहिली. सावित्रीबाईंच्या कडेवर तिचे पाय आपोआप कमरेला विळखा घालायचे. इथे ते दोन्ही सरळ खाली लोंबत होते.

लोक बाजूने चढत होते. तेजस्वीला दम लागला होता. तोंड मिटून, हळूहळू श्वास सोडत, ती त्या दोन पायांची वाट बघत उभी राहिली.