सूर्याचं चित्र

"काकू, एसी बिघडलेला नाहीच. रिमोट सूर्याच्या चित्रावर आहे, म्हणजे गरम हवा. गार हवेला बर्फाचं चित्र असतं," तेराव्याला पाहुणे येणार म्हणून बोलावलेला मेकॅनिक म्हणाला.

"उन्हाळा आहे, म्हणून मीच सूर्य दाबला," कुमुदबाई पुटपुटल्या.

त्यांचे यजमान गेले त्या दुपारी एसी लावल्यावर खोली हळूहळू गार होईल, गारवा निसटू नये, म्हणून कुमुदबाईंनी खिडक्याही घट्ट लावल्या होत्या. अर्धांगवायूने वाचा गेलेले यजमान घामाने निथळत फळीकडे बोट दाखवत होते. फळीवर पोथी होती, शेजारी रिमोट. घटका भरत आली, देवाचं नाव हवंय, असं समजून कुमुदबाईंनी पोथी उघडली आणि ते हात आपटत असतानाही अध्याय पुरा केला.

मेकॅनिकने बटण दाबलं. रिकाम्या पलंगावर गार वारा सुटला.

ते बोट पोथीकडे नव्हतंच.