कपाटांमागची जागा

आराखड्यात एकही कोपरा नव्हता.

ग्रंथपालाने कागद उलटसुलट करून पाहिला. विद्यापीठाची जुनी अभ्यासिका नव्याने करायची होती, आजची मुलं जशी शिकतात तशी. गटाने बसायला गोल टेबलं, सरकत्या खुर्च्या, जागोजागी चार्जिंगची सोय, सगळं झकास होतं. पण कपाटांमागच्या एकट्या बाकांच्या जागी नुसती काच.

"मुलांनी तर कोपरेच मागितलेत," तो म्हणाला. तीनशे जणांनी फॉर्म भरून दिले होते. निम्म्याहून जास्त मुलांना कोणाच्या नजरेला न पडता बसता येईल अशी जागा हवी होती.

"वाचलं मी," आराखडा करणाऱ्या बाई म्हणाल्या. "कोपरा मिळणार नाही."

बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मुलांनी त्यांना 'घार' म्हणायला सुरुवात केली होती, ते काही उगीच नाही. मुलं कशी अभ्यास करतात ते बघायचंय, असं सांगून महिनाभर त्या रोज अभ्यासिकेत येत होत्या. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका चोवीस तास उघडी असे, तेव्हाही. पायात रबरी चपला, त्यामुळे पाठीशी येऊन उभ्या राहिल्या तरी पत्ता लागायचा नाही. एखादं मूल वहीवर डोकं टेकून पडलेलं दिसलं, की काहीतरी निमित्त काढून त्याला उठवायच्या. किती वाजले, ही जागा कोणाची, काहीही. इथे बसलं की मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवतो, अशी एका मुलीने लेखी तक्रारच दिली.

ग्रंथपालाला इथे येऊन आठ महिने झाले होते. आधीच्या ग्रंथपालांनी एकाएकी राजीनामा दिला होता. का दिला, असं विचारलं की कार्यालयातली माणसं हवापाण्यावर बोलू लागत. त्यानेही मग नसती चौकशी केली नाही.

पण एका दुपारी त्याने पाहिलं ते वेगळंच होतं. खिडकीपाशी एक मुलगी गाढ झोपली होती. बाई तिच्यावर वाकल्या होत्या, तळहात तिच्या नाकापासून बोटभर अंतरावर धरून. बराच वेळ तशाच. मग हात काढून घेतला आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढच्या टेबलाकडे वळल्या. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

एरवी त्याच्या कुठल्याही गोष्टीची टिंगल करणारी बायको हे ऐकून हसली नाही. वरच्यांच्या कानावर घाल, म्हणाली.

त्याने ते घातलं. कुलसचिवांनी सगळं ऐकून घेतलं. हे काम बाईंनी हट्टाने मागून घेतलंय, त्यांना नाही म्हणणं आम्हाला जमलं नाही, एवढंच म्हणाले. तरी ग्रंथपालाने फॉर्मांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि चिकाटीने एक गोष्ट पदरात पाडून घेतली. कपाटांमागचा एक कोपरा तसाच राहणार होता.

नवी अभ्यासिका सुरू झाली. त्या कोपऱ्यासाठी मुलांच्या उड्या पडू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात बाई आल्या, तेव्हा ग्रंथपाल त्यांना मुद्दाम तिकडेच घेऊन गेला. एक मुलगा पाठमोरा बसला होता, पुस्तकावर ओणवा.

"बघा," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून जागचा हललेला नाही."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या जवळजवळ धावल्या आणि त्यांनी मुलाचा खांदा गदागदा हलवला. मुलगा दचकून उठला. कानातले बोळे काढत तो काय झालं, काय झालं, असं विचारू लागला. बाई तिथेच फरशीवर मटकन बसल्या.

ग्रंथपालाने मुलाची माफी मागितली, त्याला बाहेर पाणी प्यायला पाठवलं. मग आवाज दाबून म्हणाला, "मॅडम, आता पुरे. मुलांना सुखाने अभ्यास करू द्या."

बाईंनी रिकाम्या झालेल्या बाकावर हात ठेवला.

"माझी मुलगी हॉस्टेलवर राहायची, अभ्यासाला इथेच बसायची," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत सकाळी येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, तिचं हृदय त्याच दुपारी थांबलं. मला फोन आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर सगळ्यांना वाटत होतं, अभ्यास करतेय."