माहेरची खोट

बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला बघून सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आमच्या घराण्यात सगळे नाकीडोळी नीटस! ही खोट हिच्या माहेरची. हिला इथूनच माहेरी धाडा!"

बाळंतीण दातओठ खात पडून होती.

डॉक्टरबाईंनी बाळाच्या तोंडात बोट घालून टाळूवरून फिरवलं. असं बाळ आलं की घरच्यांचेही चेहरे निरखायची त्यांची पद्धत होती. सासऱ्यांपाशी त्या थांबल्या.

"काका, मिशी जरा वर करता?"

ज्या झुपकेदार मिशीला उभ्या संसारात बायकोलाही हात लावू दिला नव्हता, ती सासऱ्यांनी मान खाली घालून वर केली. खाली ओठापासून नाकापर्यंत टाक्यांचा जुना व्रण होता.

बाळंतीण उठून बसली. "सासूबाई, आता मामंजींना कुठल्या माहेरी धाडायचं?"