पेंढ्यातला कोयता

ब्याण्णव साली शेजारच्या बाळारामचा खून झाला आणि पोलिसांनी रघूला उचललं. "कोयता कुठं लपवलास?" तीन दिवस हाच प्रश्न आणि मार. रघूने खून केलाच नव्हता, तो सांगणार तरी काय?

त्याच्या बायकोला, वत्सलाला, त्याचे हाल बघवेनात. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला घरचाच कोयता तिने परसातल्या पेंढ्यात खोल खुपसला. डबा देताना हळूच म्हणाली, "कोयता पेंढ्यात हाय. सांगून टाका." शिपाई जवळच उभा होता, याहून जास्त बोलता आलं नाही.

रघू तिच्याकडे बघत राहिला. मग साहेबांना म्हणाला, "मीच मारला त्याला."

मार थांबला. त्या कोयत्यावरच जन्मठेप झाली. ती तुरुंगात भेटायला जायची, तेव्हाही जाळीपाशी शिपाई असायचाच.

चौदा वर्षांनी तो सुटून घरी आला. ओटीवर बसून तांब्याभर पाणी प्याला. आसपास कोणी नाही बघून हलक्या आवाजात म्हणाला,

 

"पोर तवा तुझ्या अंगावर पीत होती, म्हनून मी माझ्यावर घेतला. आता तरी सांग गो, बाळारामला तू कशापायी मारलास?"