खाडीपलीकडचा माणूस

"खाडीपलीकडच्या नुंगचननं किनारा द्यायचं कबूल केलंय," कंपनीचे संचालक हान कागद पुढे करत म्हणाले. "फक्त सही बाकी आहे. आम्हाला मात्र तुमचा धक्का जास्त आवडतो. तुम्हीही किनारा दिलात तर कारखाना दालपोचा. पण आज, आत्ता."

दालपोच्या महापौर मा क्योंग-सुक यांनी कागद हातात घेतला नाही. त्यांनी आजवर पुष्कळ दिलं होतं. बंद पडलेल्या जहाज कारखान्याचा धक्का बिनभाड्यानं दिला होता. रस्ता शहराच्या खर्चानं बांधून द्यायचं मान्य केलं होतं. पवनचक्क्यांचे खांब बनवून समोरच्या समुद्रात उभारणारी ही कंपनी आली नसती, तर गावातली उरलीसुरली पोरंही राजधानीची गाडी पकडणार होती. बाहेर सभागृहात फलकसुद्धा लागला होता: 'दालपोच्या विकासाचे भागीदार.' पत्रकार कॅमेरे लावून बसले होते. आणि आज हान यांनी ही नवीन अट काढली. गावाच्या दक्षिणेचा अख्खा किनारा, कुंपण घालून, पन्नास वर्षांसाठी.

त्या किनाऱ्यावरून बायका समुद्रात बुड्या मारायला उतरत. शिंपले काढत, थंडीनं काकडत वर येत आणि खडकाआडच्या चुलीपाशी अंग शेकत बसत. महापौर होण्याआधी मा बाई त्याच किनाऱ्यावरचं शेवाळ बाजारात विकायच्या.

"त्या बायकांनी जायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

"त्यांची वयं बघा, बाई," हान समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणखी किती वर्षं उतरणार त्या पाण्यात?"

उपमहापौर जो खुर्ची सरकवून मा बाईंच्या कानाशी आले. "करा सही. शाळा ओस पडतायत. हे खाडीपलीकडे गेलं तर लोक आपल्याला दारात उभं करणार नाहीत. त्यातून प्योनं नेलं असं झालं तर विचारूच नका."

नुंगचनचे महापौर प्यो इन-बोम. खाडीच्या त्या तीरावरचा हा माणूस म्हणजे मा बाईंच्या डोक्याला कायमचा ताप होता. खाडीतल्या कालवांच्या एका पट्ट्यावरून त्यानं दालपोला वर्षानुवर्षं कोर्टात खेचलं होतं. टीव्हीवरच्या चर्चेत त्यांना 'शेवाळवाली' म्हणाला होता. समारंभात दोघांच्या खुर्च्या शेजारी आल्या, तर एक जण उठून जाई.

मा बाईंना काहीतरी खटकलं. वीतभर कालवांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस. त्याच्याइतका हट्टी माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आणि त्यानं अख्खा किनारा देऊन टाकला?

"जो, प्योंचा नंबर लावा."

"कोणाचा?"

"ऐकलंत तुम्ही."

हान चटकन म्हणाले, "बाई, ही बोलणी गोपनीय आहेत." मा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जो यांनी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मा बाईंचे कान तापले होते. हा फोन करण्यापेक्षा निवडणूक हरणं सोपं गेलं असतं.

"बोला," पलीकडून प्यो यांचा आवाज आला. "शेवाळवाल्या बाईंना आज आमची आठवण कशी झाली?"

मा बाईंनी ते गिळलं. "एकच विचारते, प्योसाहेब. किनारा दिलात?"

"जखमेवर मीठ चोळायला फोन केलात का? तुम्ही तुमचा देऊन मोकळ्या झालात. आता मी अडून बसलो तर माझं गाव उपाशी राहील. कंपनीचा माणूस समोर बसलाय. कागद पुढ्यात आहे."

"मी दिला असं कोण म्हणालं?"

"हाच. समोर बसलाय तो."

मा बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. "पुन्हा सांगा. एक माझ्याही समोर बसलाय. त्यालाही ऐकू दे."

प्यो यांनी शब्दन् शब्द पुन्हा सांगितला. या वेळी सावकाश.

हान यांनी कोटाची बटणं लावली. त्यांचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "ठीक आहे. दोघंही नाही म्हणा. आम्ही दुसरीकडे जातो. मग बसा दोघं आपापल्या रिकाम्या धक्क्यावर माशा मारत."

जो यांचा चेहरा पडला. मा बाईंना ओस शाळा दिसली, फाटकाला कुलूप लागलेला कारखाना दिसला. तरी त्या उठून खिडकीशी गेल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. खाडीवरचा वारा भसकन आत घुसला, टेबलावरचे कागद उडून हान यांच्या पायाशी पडले.

"जा की," त्या म्हणाल्या. "हा वारा गाडीत भरून नेता आला तर तोही न्या. एवढ्या वाऱ्यातले एवढे खोल धक्के या किनारपट्टीवर दोनच आहेत. एक माझा, एक त्यांचा. तुम्हाला हे आमच्याहून चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर सहा महिने इथं चकरा मारताय."

हान यांनी वाकून कागद गोळा करायला सुरुवात केली. दाराकडे मात्र ते गेले नाहीत.

फोनमध्ये प्यो हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझ्याकडचाही अजून बसूनच आहे, ताई."

दारावर टकटक झाली. पत्रकार ताटकळले होते. "त्यांना काय सांगू?" जो यांनी विचारलं. "सही होणार म्हणून बोलावलंय त्यांना."

"सही आजच होणार, म्हणावं," मा बाई कोट चढवत म्हणाल्या. "नुंगचनला. दोन्ही शहरांची, एका कागदावर: किनारा कुणीच देणार नाही. कंपनीनं उद्या यावं, आमच्या अटी ऐकायला."